तांबट ऐकू येतोय का? पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

पुण्यात राहायला येऊन मला तीन-चार महिने झाले होते. फेब्रुवारीतली दुपार होती. खिडकीबाहेर ठोक्यांचा आवाज सुरू झाला. टुक्, टुक्, टुक्. एकाच लयीत, मिनिटंच्या मिनिटं, न थांबता. शेजारी इमारतीचं बांधकाम चालू होतं, तिथेच कुणीतरी सळई ठोकत असणार असं मी धरून चालले. आठवडा झाला तरी आवाज थांबेना. जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले, त्यांना म्हटलं, "काका, हे काम संपणार तरी कधी?" ते म्हणाले, "अगं, काम कसलं? तांबट आहे तो. चल, दाखवतो."

गच्चीवरून समोरच्या उंबराच्या वाळक्या शेंड्याकडे त्यांनी बोट केलं. आधी मला काहीच दिसेना. मग फांदीचा एक भाग हलला. चिमणीपेक्षा जरासा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळाधमक. दर ठोक्याला मान थोडी वळवत होता, म्हणून तर आवाज नेमका कुठून येतो ते कळत नव्हतं. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज, म्हणून नाव तांबट.

त्या दिवसानंतर मला तो सगळीकडे ऐकू यायला लागला. सिग्नलला, बँकेबाहेरच्या वडावर, ऑफिसच्या पार्किंगमागे. तो आधीपासून तिथेच होता. माझ्याकडे त्याचं नाव नव्हतं, एवढंच.

नोकरीला किंवा शिकायला पुण्यात आलात की लोक तुम्हाला यादी देतात: सिंहगड, शनिवारवाडा, मिसळ, मस्तानी. ते सगळं कराच. पण ते सुट्टीच्या दिवशीचं पुणे झालं. सोमवार ते शुक्रवार, भाड्याची खोली आणि ऑफिस यांच्या मधल्या रस्त्यावर जे पुणे आहे, त्यात रोज काहीतरी देखणं असतं. ते दिसायला लागावं म्हणून मी काय काय केलं आणि माझ्या मागून आलेल्या मैत्रिणींना काय करायला सांगते, ते इथे क्रमाने लिहिते. लागतं काय? एक छोटी वही, एक पेन्सिल आणि दिवसाची पंधरा मिनिटं.

१. एक झाड धरा

एकच. रोज जाता-येता दिसणारं, शक्यतो बसस्टॉपवरचं किंवा सोसायटीच्या फाटकातलं. मोठं, पानगळ होणारं असेल तर उत्तम, कारण त्यात बदल ठळक दिसतात. रोज साधारण त्याच वेळी, त्याच जागी उभं राहून एक मिनिट बघायचं आणि वहीत एक ओळ लिहायची. "सुंदर आहे" असं लिहायचं नाही. आज काय वेगळं दिसलं ते लिहायचं. पानं गळली, मुंगळे चढताहेत, खालच्या फांदीला कोंब आला. काही नसेल तर "काही नाही" लिहा, तीही नोंदच आहे.

माझं झाड वावळ निघालं. नाव कळायलाच महिना लागला. राखाडी, गुळगुळीत खोड आणि थंडीत अगदी बोडकं. फेब्रुवारीत एका सकाळी ते पोपटी दिसलं आणि मी वहीत "पालवी फुटली" असं लिहिलं. दोन दिवसांनी खाली पडलेला एक घोस उचलून पाहिला तर ती पानं नव्हतीच, फळं होती. रुपयाएवढी चपटी चकती, कागदाहून पातळ, मधोमध एक बी आणि बीपासून कडेपर्यंत गेलेल्या बारीक शिरा. उजेडासमोर धरली की शिरा दिसतात. उन्हाळ्यात त्या चकत्या वाळून बदामी होतात आणि वारा सुटला की शेकड्यांनी रस्त्यावर गरगरत येतात. हे पुण्यात जागोजागी होतं आणि सगळे त्या चकत्या तुडवत गाडी काढतात. मीही काढत होते.

तुमच्या झाडाचं नाव माळीकाकांना विचारा, सोसायटीतल्या एखाद्या आजींना विचारा. फोनमधल्या अ‍ॅपनेही कळतं, पण माणसाला विचारलंत तर नावाबरोबर एखादी गोष्टही मिळते.

झाड निवडायला मदत व्हावी म्हणून पुण्यातलं वर्ष ढोबळमानाने सांगते. जानेवारीच्या शेवटी काटेसावर फुलू लागते. अंगावर पान नाही आणि फांद्यांवर मूठभर मोठी लाल फुलं. साळुंक्या, बुलबुल, कावळे तिथे दिवसभर पंगतीला बसलेले. त्याच सुमारास पांगारा आणि पळस. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेच्या टॅबेबुयाला गुलाबी बहर येतो, पिंपळाला तांब्याच्या रंगाची पालवी फुटते. उन्हाळा चढला की बहावा, सोनमोहर, गुलमोहर आणि ताम्हण. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यफूल, जांभळं, पाकळ्या चुणीदार; इस्त्री न केलेल्या क्रेपसारख्या. एकदा हातात घेऊन बघाच.

आणि पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बूच. उंच, सरळसोट झाड, फुलं वर कुठेतरी. ती तुम्हाला आधी वासाने कळतील, मग पायाखाली दिसतील. पांढरी फुलं, लांबलचक नाजूक नळी. सकाळी लवकर गेलात तर ताजी वेचता येतात. त्यांची वेणी दोऱ्याशिवाय होते: तीन फुलांचे देठ घ्यायचे आणि केस गुंफतो तसे गुंफत जायचं, दर पेडाला नवं फूल आत घालायचं. माझ्या बसस्टॉपवर शाळेला निघालेल्या एका मुलीने मला ही शिकवली. बस येईपर्यंत वीतभर झाली होती.

२. मग कान

झाडाला दोन आठवडे झाले की पुढची सवय. ऑफिसला निघाल्यावर पहिली दहा मिनिटं इयरफोन लावायचे नाहीत. सुरुवातीला नुसते हॉर्नच ऐकू येतील, घाबरू नका. चार-पाच दिवसांत कान वेगवेगळे थर काढायला लागतो.

चार आवाजांपासून सुरुवात करा. तांबट तर झालाच. कोकीळ सगळ्यांना माहीत असतो, पण गाणारा काळा नर असतो आणि ठिपक्यांची करडी मादी गात नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. खोल, घुमणारा "कूप, कूप, कूप" म्हणजे भारद्वाज. जुन्या सोसायट्यांच्या कुंपणात दिसतो, अंग काळं आणि पंख विटकरी. आणि उन्हाळ्यातल्या पहाटे तारेवर बसून शीळ घालणारा काळा-पांढरा दयाळ. तो शिळेत रोज काही बदल करतो. माझ्या मते पुण्यातलं सगळ्यात चांगलं फुकट गाणं त्याचं.

पावसाआधी टेकडीवर गेलात तर पावशाही ऐकू येईल. आपल्याकडे शेतकरी त्याच्या ओरडण्यात "पेरते व्हा" ऐकतात. गावाकडून आलेल्या कुणालाही सिमेंटच्या शहरात हे ऐकून एकदम थांबायला होतं. मला तरी झालं.

३. टेकडी, पण डोंगर चढल्यासारखी नाही

पुणेकरांचं टेकडीशी जे नातं आहे ते बाहेरच्याला लवकर कळत नाही. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई, पर्वती: तुमच्या घराजवळची कुठलीही एक निवडा. वेताळ टेकडी शहरातली सर्वांत उंच, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. पाषाणच्या बाजूने, पंचवटीतून, विधी महाविद्यालयाच्या मागून अशा तिला वाटा आहेत.

पहिल्यांदा गेले तेव्हा मी चांगले दोनशे फोटो काढले आणि घरी येऊन एकही पुन्हा उघडला नाही. आता माझा नेम आहे, पहिली तीस मिनिटं फोन पिशवीत. चालण्याचा वेगही कमी. टेकडीवर व्यायामाला येणारे झपझप पुढे जातात, त्यांना वाट द्यायची आणि आपण खाली बघत चालायचं.

खाली दगड आहे. पुण्याचा काळा पाषाण, बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळून थरांवर थर पसरलेल्या लाव्हाचा. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची भोकं राहिली. पुढे त्या भोकांत पाणी झिरपत गेलं आणि आत पांढरी खनिजं साकळली. म्हणून टेकडीवरच्या काही दगडांवर तांदूळ विखुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. असा एक दगड शोधा, ओला करून तिरप्या उन्हात धरा, ठिपके चमकतात. मग तो होता तिथेच ठेवा.

पावसाळ्यात हाच उघडा दगड हिरवा होतो. गवतात केना असतो, नखाएवढं निळंशार फूल, सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटणारं. म्हणून उशिरा गेलात तर तो भेटत नाही. पाऊस सरताना तेरडा आणि कुर्डूचे गुलाबी तुरे. शेवाळावर पाय घसरतो, तेव्हा तळ खरबरीत असलेले बूट घाला. पाणी बरोबर ठेवा, एकट्याने आडवाटेला जाऊ नका, अंधार पडायच्या आत उतरा. वेताळ टेकडीवर मोर आहेत. दिसले तर आहात तिथेच थांबा. मागे धावलात की झुडपात शिरतात.

४. अर्धा दिवस पेठेत

महिन्यातून एक सकाळ जुन्या पुण्यासाठी ठेवा. गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यातच जीव जातो. मेट्रोने कसबा पेठ किंवा मंडई स्थानकावर उतरा आणि पायी फिरा. एका सकाळी एकच पदार्थ धरायचा: दगड, लाकूड किंवा तांबं. मंदिरं, वाडे, संग्रहालयं, सगळं एकाच दिवशी करायला गेलात तर संध्याकाळी पायदुखीशिवाय काही आठवत नाही.

दगडाची सकाळ असेल तर दोन ठिकाणं. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं, अख्ख्या कातळात खोदलेलं लेणं. रस्त्यावर बसचा धूर आणि चार पावलं खाली उतरलात की गारवा. अंगणातला गोल नंदीमंडप बघा, दगडाची उघडलेली छत्रीच. तो जोडून बांधलेला नाही, भोवतालचा खडक काढून टाकल्यावर उरलेला आहे. हे मनात ठेवून त्याच्याभोवती एक फेरी मारा. दुसरं, सोमवार पेठेतलं त्रिशुंड गणपतीचं देऊळ, १७५४ ते १७७० या काळात बांधलेलं. गणपती तीन सोंडांचा आणि मोरावर बसलेला. पण तुम्ही दर्शनी भिंतीसमोर दहा मिनिटं उभे राहा. साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याच्यापाशी गोरे सैनिक दिसतील. पुण्यातल्या पाथरवटाने गेंडा आणि गोरा शिपाई एका पट्टीत कोरावेत, यात तेव्हाच्या शहराला काय काय ठाऊक होतं ते कळतं.

लाकडासाठी विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला, १८०७ च्या सुमारास पूर्ण झालेला. पुढे १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा इथेच सुरू झाली. समोरच्या फुटपाथवरून आधी नुसता सज्जा बघा. सागवानी खांब सुरूच्या झाडासारखे, खाली भरदार आणि वर निमुळते. वरती केळफुलं कोरलेली. केळफूल स्वयंपाकघरातलं, आपण त्याची भाजी करतो. सुताराने ते उलटं टांगलं आणि पेशव्यांच्या सज्ज्याला शोभा आली. तिथून मंडई जवळच आहे, १८८६ मध्ये खुली झालेली दगडी इमारत. भाजी घ्या आणि गाळ्यांवर मुळ्या-गाजरांची रचना कशी केलीय तेही बघून घ्या.

आता तांबं. यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या, तांब्याची भांडी घडवणाऱ्या त्वष्टा कासारांची ही वस्ती. गच्चीवर तांबट पाहिल्यावर मला आळीचं नाव खुणावत होतं, म्हणून एका शनिवारी गेले. वळणावरच आवाज आला. टुक्, टुक्, टुक्. पाय थबकले. उंबरावरचा आवाज इथे जमिनीवर होता, फक्त एकाच्या जागी चार-पाच जणांचा.

आत एक जण जमिनीवर बसून तांब्याचा हंडा मठारत, म्हणजे हातोडीने ठोकून घडवत होते. लोखंडी दांड्यावर हंडा उपडा, डाव्या हाताने तो केसभर फिरवायचा, उजव्या हाताने ठोका. फिरव, ठोका. दर ठोक्याला नखाएवढी गोल चकती उमटे, पुढची तिला चिकटून, आणि एक रांग पूर्ण झाली की खालची रांग. आखणी नाही, खूण नाही. मी विचारलं, "दादा, रेघ मारल्याशिवाय एका ओळीत कसं येतं?" त्यांनी मान वर न करता सांगितलं, "ताई, रेघ हातात असते. डोळ्याने बघायला गेलं की चुकतं."

मी त्या चकत्यांना नक्षी समजत होते. नक्षी आहेच, पण ती वरून लावलेली नाही. तापवलेलं तांबं मऊ असतं. हातोडीने ठोकलं की ते आवळतं, कडक होतं. मठारल्याने भांड्याला बळ येतं आणि त्याच ठोक्यांनी ते झळकतं. हे कळल्यापासून मी कुठलीही घडवलेली वस्तू बघताना विचारते: ही जागा अशी का आहे? वाड्याच्या दिंडीपासून पितळी कडीपर्यंत, उत्तर बहुतेक वेळा कामातच सापडतं.

आळीत जाताना एवढं पाळा. ती माणसांची राहती घरं आणि चालू कारखाने आहेत. आधी विचारा, मग उंबरठ्याशी उभे राहा. फोटो काढायचा तर परवानगी घ्या. ठोके चालू असताना प्रश्न विचारू नका, रांग संपू द्या. आणि जमलं तर काहीतरी विकत घ्या, छोटा तांब्या का होईना. घासाघीस करू नका. मी एक हंडा मठारताना पाऊण तास बघितलाय, त्यानंतर भाव पाडायला तोंड होत नाही.

५. अक्षरं

पुणेरी पाट्यांवर सगळे हसतात. तुम्ही त्यातला मजकूर थोडा बाजूला ठेवा आणि पेंटरने काढलेली अक्षरं बघा. एकच अक्षर निवडा, "ल" किंवा "श". मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. २००९ मध्ये राज्य शासनाने वर्णमालेसाठी हीच रूपं ठरवली. संगणकावर केलेल्या फलकांत बहुतेक वेळा हिंदी वळणाची अक्षरं येतात. जुन्या पेठेतल्या हाताने रंगवलेल्या पाटीवर पाकळीचा ल सापडला की वहीत तो उतरवून घ्या. नुसतं बघून कळत नाही, काढायला गेलं की पाकळी कुठे जाड आणि कुठे बारीक ते कळतं. माझ्या वहीत अकरा ल आहेत, त्यातले दोन तर एकाच गल्लीतले आणि तरी वेगळे.

६. एका कपाटापुरतं संग्रहालय

शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघायला जाल तेव्हा सगळं बघायचा हट्ट धरू नका. दिनकर केळकर हे "अज्ञातवासी" या नावाने कविता लिहीत. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये राज्य शासनाला देऊन टाकला. वीस हजारांहून जास्त वस्तू, त्यातल्या थोड्याच मांडलेल्या. राजेरजवाड्यांच्या खजिन्यापेक्षा यात घरातल्या वस्तू जास्त: दिवे, दौती, वज्री, अडकित्ते.

अडकित्त्यांच्या कपाटासमोर उभं राहा. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते. तरी कुणी पोपट केलाय, कुणी घोडा. हात दाबला की पोपटाची चोच सुपारीवर मिटते. एकाचं चित्र काढा, वाईट आलं तरी चालेल. सुट्टीचे दिवस आधी बघून जा, नाहीतर बंद दारावरूनच परत यावं लागतं.

७. आपलं घर

भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायची परवानगी नसते, हे मला माहीत आहे. पण उंबरठा तुमचाच असतो. शिरगोळ्याची रांगोळी कुठल्याही पूजेच्या दुकानात मिळते. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत थोडीच घ्या आणि हात जमिनीपासून दोन बोटं वर ठेवा. वर गेला की रेघ पसरते, फार खाली आला की तुटते. चार ठिपके चार ओळींपासून सुरू करा. पहिले पंधरा दिवस वाकडीच येते, नंतर बोटांना कळतं. चैत्रात शेजारच्या काकूंकडे चैत्रांगण काढत असतील तर बघायला बसा. सूर्य, चंद्र, शंख, कासव, नाग, गौर, सगळं काही हातभर जागेत असतं. काढता काढता त्या प्रत्येक खुणेचं नाव सांगतील.

आणि तांबट आळीतून आणलेला तांब्या खिडकीत ठेवा, जिथे सकाळचं ऊन येतं. उन्हात प्रत्येक चकतीत एक ठिपका उजेड असतो आणि तांब्या जरा फिरवला की सगळे ठिपके सरकतात. आठवडाभरात तो काळपट पडेल. चिंचेचा कोळ आणि चिमूटभर मीठ घेऊन बोटांनीच चोळा, तारेची घासणी लावू नका, मठारकामावर ओरखडे उठतात. धुऊन लगेच कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर पाण्याचे डाग राहतात. आतून कल्हई केलेली नसेल तर त्यात फक्त पाणी ठेवायचं. ताक, लिंबाचं सरबत, चिंचेचं काही ठेवायचं नाही.